वाकडं म्हणजे कोणतं वाकडं

आमच्या कचेरीत एक गृहस्थ होते, त्यांना काकडी विकत घ्यायला पाऊण तास लागत असे. नगरच्या भाजीबाजारात ते एखाद्या पाटीपुढे उकिडवे बसायचे, एकेक काकडी उचलून डोळ्यांसमोर धरायचे, हळूच फिरवायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "ही स्ट्रेट. ही थोडी कर्व्हड. ही मात्र क्रुकेड." माळीण पहिल्यांदा घाबरली. तिला वाटलं सरकारी माणूस आहे, कसली तरी तपासणी चालली आहे. लढाईचे दिवस, रोज नवा हुकूम निघायचा, काकडीवरही निघाला असेल. पुढे तिला सवय झाली. ती म्हणायची, "मास्तर, तुमचं विंग्रजी उरकलं की सांगा, तवर मी बाकीच्यांना देते."

सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते होते प्रांतसाहेबांचे दुभाषी. साहेब गोरा असला आणि त्याला मराठी येत नसलं, की साक्षीदार मराठीत काय बोलतो ते इंग्रजीत सांगायचं, साहेब काय विचारतो ते मराठीत सांगायचं, हे त्यांचं काम. मी त्याच कोर्टात साहेबाच्या टेबलापुढे बसून कागद पुढे-मागे करणारा बेंच क्लार्क होतो. तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. मास्तरांपेक्षा वयानं खूप लहान, पण आमची जोडी जमली, कारण त्यांचं बोलणं न कंटाळता ऐकणारा कचेरीत दुसरा कुणी नव्हता.

मास्तर हे नाव त्यांना बेलापूरच्या शाळेमुळे पडलं होतं. तरुणपणी ते तिथे इंग्रजी शिकवत. एकदा 'ओव्हल' हा शब्द आला. लंबगोल, असं सांगून पुढे जायचं सोडून ते सगळा वर्ग घेऊन प्रवरेच्या काठावर गेले. ज्याला खरा ओव्हल गोटा सापडेल त्यानं घरी जावं, बाकीच्यांनी शोधत राहावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नदी. असं बरेच दिवस चाललं. शेवटी हेडमास्तरांनी बोलावून विचारलं, "मास्तर, तुमचं पुस्तक अजून त्याच पानावर?"

"मुलांना आता ओव्हल कळलं," मास्तर समाधानानं म्हणाले.

"आणि बाकीचे शब्द?"

"त्यांची मी घाई केलेली नाही."

शाळेनं मात्र केली. मास्तर कचेरीत चिकटले ते असे.

त्यांचं एक ठाम मत होतं. नाम कुणालाही येतं, क्रियापद मारून मुटकून येतं, खरी परीक्षा विशेषणाची. "विशेषणात बोलणाऱ्याचं मत असतं," ते म्हणत. त्यातही रंगांच्या विशेषणांशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. लाल ते लाल. आकार म्हटला की मात्र ते खुर्चीत सरसावून बसत. त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात सुपारी, गोटा, चिंचोके, असला ऐवज कायम असायचा. चिंचोक्याच्या आकाराला इंग्रजीत नेमकं विशेषण नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती आणि येईल त्या साहेबापुढे ते ती मांडत. एका साहेबानं चिंचोका हातात घेऊन बराच वेळ विचार केला आणि रजेवर गेला. मास्तरांना पुष्कळ दिवस वाटत होतं, की तो विलायतेहून उत्तर घेऊन येईल.

घरी त्यांची बायको त्यांना पुरून उरणारी होती. एकदा मी जेवायला बसलो होतो. मास्तरांनी ताटातली पोळी उचलून उजेडात धरली. "ही राउंड नाही. ओव्हलही नाही. हिला कोणतंच विशेषण बसत नाही."

आतून आवाज आला, "मग उद्यापासून तुम्हीच लाटा. बसेल ते विशेषण लावा."

मास्तरांनी पोळी मुकाट्यानं दुमडली आणि खाल्ली.

'क्रुकेड' या शब्दाचा धडा मला त्यांनी कचेरीतच दिला. कुठल्याशा कागदावर मी तो 'क्रुक्ड' असा वाचला आणि ते उठून माझ्या टेबलापाशी आले.

"क्रु-केड," ते म्हणाले. "दोन पावलं टाका. तो शब्दसुद्धा लंगडत चालतो."

"म्हणजे वाकडं ना?"

"कोणतं वाकडं?" त्यांनी खुर्ची ओढली. मी समजलो, की आता तासभर काम होणार नाही. "धनुष्य वाकलेलं असतं. विळा वाकलेला असतो. नदीचं वळण असतं. ते सगळं कर्व्हड. त्यांनी तसंच असायला हवं, त्यात दोष नाही. आता माझं नाक बघा."

मास्तरांचं नाक लहानपणी मलखांबावरून पडल्यामुळे एका बाजूला गेलं होतं. ते बघा म्हणून सांगावं लागत नसे.

"हे सरळ असायला हवं होतं आणि नाही. म्हणून हे क्रुकेड. कर्व्हड म्हणताना माणूस आकार सांगतो. क्रुकेड म्हणताना आकार सांगतो आणि वर तक्रारही करतो. काठी, दात, चित्राची चौकट, जे नीट असायला हवं होतं आणि बिघडलं, ते क्रुकेड."

"आणि माणसाला क्रुकेड म्हटलं तर?"

"तर त्याच्याशी व्यवहार करू नये." मग म्हणाले, "मराठीत आपण दोन्हीला वाकडंच म्हणतो. आपलं भागतं, कारण ऐकणारा आपल्यातला असतो. कोणतं वाकडं ते त्याला कळतं. साहेब आपल्यातला नाही. तेवढ्यासाठी तर मला पगार आहे."

शिकवायची त्यांची रीत एकच. आधी वस्तू बघा, मग शब्द उचला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय विशेषण लावायचं नाही. कचेरीत नवीन आलेल्या प्रत्येकाला ते हे सांगत आणि प्रत्येक जण मागून हसत असे. मीही हसलो असेन.

मला जे सांगायचं आहे ते घोडेगावच्या मुक्कामात घडलं.

थंडीच्या दिवसांत प्रांतसाहेब तालुक्यांतून फिरायचे. तंबू, टेबलं, पेट्या, शिपाई, आम्ही, असा सगळा पसारा गावाबाहेर पडायचा आणि कोर्टही तिथेच तंबूत भरायचं. त्या वर्षीचा साहेब तरुण होता. धारवाडकडून बदलून आलेला, कानडी बरं बोलायचा, मराठी नावापुरतं. स्वभावानं वाईट नव्हता. काम मात्र घड्याळ टेबलावर ठेवून करायचा.

घोडेगावचा जनावरांचा बाजार मोठा, त्यामुळे तिथे आमच्यापुढे बैलचोरीचे खटले हमखास यायचे. त्या दिवशीच्या खटल्यात फिर्यादी होता जवळच्याच गावचा एक तरणा शेतकरी. पोळ्यानंतर त्याच्या गोठ्यातून एक बैल गेला होता. जोडी मोडली, विहिरीवरची मोट बंद पडली. आरोपी होता रस्त्याच्या कामावर गाडीनं दगड वाहणारा एक माणूस. काम असेल तिथे पाल टाकायचं, संपलं की पुढे जायचं. फौजदारांना त्याच्या गाडीला एक पांढरा खिलार बैल दिसला आणि त्यांनी माणूस आणि बैल दोन्ही धरून आणले. बैल मुद्देमाल म्हणून तंबूबाहेर लिंबाखाली बांधला होता आणि शांतपणे कडबा खात होता.

आरोपीला वकील नव्हता. साहेबानं मास्तरांमार्फत विचारलं, "हा बैल तुझा कशावरून?"

"वासरू हुता तवा घेतलाय, सायब. म्या वाढवलाय."

"साक्षीला कुणी आहे?"

"कोनाला बोलवू? आमचं गाव चालतं हाय. आज हितं, उद्या तितं."

मास्तरांनी ते वाक्य फार सुंदर इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान वर करून आरोपीकडे पाहिलं, पण लिहिलं एवढंच, की साक्षीदार नाही.

मग फिर्यादी आला. बैलाचा रंग कोणता? पांढरा. वय? भर उमेदीतला. शिंगं कशी होती?

"वाकडी हुती, सायब."

मास्तरांनी तंबूच्या उघड्या बाजूनं बाहेर पाहिलं. लिंबाखालच्या बैलाची शिंगं कपाळातून निघून झोकदार वळण घेत मागे गेली होती. ते साहेबाकडे वळून म्हणाले, "तो म्हणतो, शिंगं कर्व्हड होती."

साहेबानंही बाहेर पाहिलं. मान हलवून लिहिलं. पांढरा, उमेदीतला, कर्व्हड शिंगांचा. सगळं जुळत होतं. निकाल परवा, असं सांगून त्यानं घड्याळ उचललं. काय निकाल लागणार ते कुणालाच विचारायची गरज नव्हती. शिपाई आरोपीला घेऊन निघाले तेव्हा तो बैलाकडे पाहत पाहत गेला.

संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. मास्तरांचा चहा कपात तसाच निवत होता.

"मी कर्व्हड का म्हणालो?" त्यांनी विचारलं.

"कारण शिंगं कर्व्हड आहेत."

"कुणाची?"

मी म्हणालो, "त्या बैलाची."

"लिंबाखालच्या बैलाची. पण तो माणूस गोठ्यातून गेलेल्या बैलाबद्दल सांगत होता. तो बैल मी पाहिलेला नाही. तुम्ही नाही. साहेबानं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आयुष्यभर सांगत आलो, आधी वस्तू बघा. आज वस्तू बघितली आणि माणूस ऐकायचा राहिला. त्यानं वाकडी म्हटलं आणि मी परस्पर सरळ करून टाकली."

"अहो, पण त्याला कर्व्हडच म्हणायचं असेल."

"असेल. नसेलही. ते मला माहीत नाही आणि मी साहेबाला शपथेवर सांगितलं, की माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मास्तर कोट घालून, छत्री घेऊन निघाले आणि मला ओढून नेलं. बाजारात बैलांच्या रांगाच रांगा. धूळ, घुंगरं, रुमालाखाली बोटं दाबून चाललेले सौदे. मास्तर एका पांढऱ्याशुभ्र खिलार जोडीपुढे थांबले. मालक म्हातारा होता, फेटा बांधून दिमाखात उभा होता.

मास्तरांनी सरळ विचारलं, "काय हो, या बैलाची शिंगं वाकडी आहेत का?"

म्हातारा भडकला. "वाकडी? डोळं फुटलं का काय? खिलार हाय ह्यो! कमान हाय कमान. असली शिंगं ह्या बाजारात दुसरी दावा. म्हनं वाकडी! वाकडं तुमचं नाक हाय!"

मी मधे पडणार, तेवढ्यात मास्तरांचा चेहरा उजळला. "बरोबर!" ते म्हणाले. "अगदी बरोबर! माझं नाक वाकडं आणि याची शिंगं वाकडी नाहीत. असंच ना?"

म्हातारा गोंधळला. इतक्या लवकर कबुली मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. "व्हय," तो जरा नरमून म्हणाला. "असंच."

पुढचे दोन तास मास्तर रांगेतून फिरत होते. दर मालकाला तोच प्रश्न, आणि थोड्याफार फरकानं तेच उत्तर. बरीच बोलणी खाल्ली. चांगल्या बैलाच्या शिंगाला वाकडं म्हणणारा एकही माणूस भेटला नाही. बाजाराच्या टोकाला एकानं आपणहून एक बैल दाखवला. त्याचं एक शिंग वर गेलेलं आणि दुसरं गालावर लोंबणारं होतं. "ह्याला म्हनत्यात वाकडं," तो म्हणाला. "म्हनून तर कोन घेईना."

परत येताना मी त्यांना समजावून पाहिलं. त्यांची पेन्शन जवळ आली होती. शपथ घेतलेल्या दुभाष्यानं भर कोर्टात उठून मी चुकलो म्हणायचं, म्हणजे नोकरीशी खेळ होता. "आणि तो बैल खरंच त्या शेतकऱ्याचा असला तर?" मी विचारलं.

"तर तसं ठरू दे. पण ठरवणाऱ्यानं त्याचा शब्द ऐकून ठरवावं, माझा नव्हे."

"तुमचं काय होईल?"

"चूक तर होऊन गेली आहे. मी गप्प बसलो, तर ती त्या दगडवाल्याच्या पायात बेडी होऊन पडेल."

निकालाच्या दिवशी साहेब बसला, त्यानं कागद उचलला, आणि मास्तर उभे राहिले. कोर्टात न विचारता उभं राहणं त्यांच्याकडून कधी घडलं नव्हतं. त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं, की परवा आपण एक शब्द चुकीचा दिला, 'कर्व्हड' म्हणण्याचा आपल्याला अधिकार नव्हता, साक्षीदाराच्या मनात 'क्रुकेड' असावं.

साहेबानं घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुम्ही तेव्हा चुकलात, की आत्ता चुकताय?"

"तेव्हा, साहेब."

"आत्ता चुकत नाही कशावरून?"

"म्हणूनच माझ्यावर भरवसा ठेवू नका. त्याला पुन्हा बोलवा. आणि आज दुभाष्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

फौजदारांना इंग्रजी यथातथाच येत होतं, पण वारं कुठून वाहतंय ते त्यांना कळलं. ते मोठ्यानं मराठीत म्हणाले, "आरोपीच्या माणसांनी मास्तरांना गाठलेलं दिसतंय. किती दिले, तेही विचारा."

साहेबानं विचारलं, "काय म्हणाले ते?"

मी खाली मान घालून कागद लावू लागलो. ते सांगायला माझी जीभ रेटेना. आणि मग मास्तरांचाच आवाज ऐकू आला. नेहमीचा, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवणारा. "साहेब, ते म्हणतात, की आरोपीनं मला विकत घेतलं आहे. आणि किती पैशाला, ते तुम्ही मला विचारावं असं सुचवतात."

एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही. मी पुष्कळ दुभाषी पाहिले, पुढेही पाहिले. स्वतःवरचा आळ असा धुऊन-पुसून स्वच्छ, मालकाच्या हवाली करणारा माणूस तो एकच.

साहेबानं कागद खाली ठेवला आणि फिर्यादीला बोलवायला सांगितलं. दुभाषी म्हणून मला उभं केलं. माझं इंग्रजी कागदापुरतं.

मी विचारलं, "परवा तू शिंगं वाकडी म्हणालास. वाकडी म्हणजे कशी?"

"वाकडी म्हंजी वाकडी," तो म्हणाला.

काय करावं कळेना. मी म्हटलं, "बाबा, हातानं दाखव."

त्यानं उजवा हात डोक्याच्या वर नेला. ताठ, किंचित मागे. मग डावा हात कोपरात मोडून खाली आणला आणि बोटं थेट डाव्या डोळ्यासमोर आणून धरली. "असं हुतं. डोळ्याम्होरं यायचं, तर वैरन खाताना मान तिरकी करायचा. लई गुनी जनावर, पन…" बोलता बोलता त्याची नजर बाहेर लिंबाकडे गेली आणि तो थांबला. हात तसेच वर राहिले.

माझ्या इंग्रजीची गरजच पडली नाही. साहेब त्या हातांकडे पाहत होता आणि तोच हळूच म्हणाला, "क्रुकेड."

मग त्यानं मला विचारायला लावलं, "असं आहे, तर हा बैल तुझा म्हणून कसा सांगितलास?"

शेतकऱ्यानं हात खाली घेतले. "फौजदारसायब म्हनले, ह्योच हाय. म्हनले, चोरानं शिंग तासून येवस्थित केलं आसंल. म्या म्हनलं, आसंल."

साहेब उठला. आम्ही सगळे त्याच्यामागून बाहेर गेलो. त्यानं बैलाची दोन्ही शिंगं मुळापासून टोकापर्यंत हातानं चाचपली. तासल्याची कुठलीही खूण नव्हती. बैलानं त्याच्या बाहीचा वास घेतला आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. परत येऊन साहेबानं आरोपीला सोडलं. फौजदारांना थांबवून घेऊन काय सांगितलं ते इंग्रजीत आणि हळू आवाजात होतं, पण बाहेर येताना फौजदार कुणाशी बोलले नाहीत.

दगडवाल्यानं कुणाचे आभार मानले नाहीत. त्यानं बैलाची मान पाहिली, खूर उचलून पाहिले, पाठीवरून हात फिरवला. "पानी टायमावर दावलं न्हाई ह्याला कोनी," एवढंच तो म्हणाला आणि कासरा सोडून बैल घेऊन चालू लागला.

शेतकरी मात्र लिंबाखाली बसून होता. मास्तर त्याच्याजवळ गेले. त्यानं वर पाहिलंही नाही.

"तुझा नव्हता रे तो," मास्तर म्हणाले.

"नव्हता, मास्तर," तो म्हणाला. "पन मोटंला लागला आसता."

मास्तर तसेच छत्रीवर भार देऊन उभे राहिले. मला आठवतंय, जेवायची वेळ टळून गेली तरी ते तंबूत आले नव्हते.

नगरला परतल्यावर साहेबानं त्यांना दुभाष्याच्या कामावरून काढून दप्तरखान्यात बसवलं. वागणुकीत कडवटपणा नव्हता. त्याचं म्हणणं असं, की ज्या दुभाष्याचा शब्द एकदा परत घ्यावा लागला, त्याच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर वकील बोट ठेवतील. मला संताप आला होता. मास्तर म्हणाले, "त्याच्या जागी मीही हेच केलं असतं." पण ते त्यांना लागलं होतं. दप्तरखान्यात बोलणारं माणूस नसतं. पहिले काही दिवस ते दुपारी आमच्या कोर्टाच्या दाराशी येऊन, नवा दुभाषी काय बोलतो ते ऐकत उभे राहायचे. मग यायचे बंद झाले.

आणि ते बाजार हिंडू लागले.

सुट्टी आली, की मास्तर कोट चढवून, डबा घेऊन निघायचे. कधी घोडेगाव, कधी आणखी कुठला आठवडे बाजार, मिळेल त्या मोटारीनं, नाहीतर कुणाच्या गाडीवर बसून. ते शोधत होते एक पांढरा खिलार, ज्याचं शिंग डोळ्यावर आलेलं आहे. त्या शेतकऱ्याचा चोरीला गेलेला खरा बैल. बाजारात सगळे हेडी, म्हणजे बैलांचा धंदा करणारे, त्यांना ओळखू लागले. लांबूनच ओरडायचे, "मास्तर, आज वाकडं काय न्हाई, समदं सरळ हाय!"

त्यांच्या बायकोनं एकदा माझ्याकडे गाऱ्हाणं केलं. "भाऊजी, आधी काकड्या बघत होते, आता बैल बघतात. काकडी निदान घरी तरी यायची."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगून ऐकतील ते?" असं म्हणून तिनं डब्यात एक पोळी जास्त घातली.

पावसाळा गेला. मास्तर पेन्शनीत निघाले. आता तर सगळेच दिवस सुट्टीचे झाले. आणि एके दिवशी ते धापा टाकत माझ्या घरी आले. "सापडला," म्हणाले. "बेलापूरच्या बाजारात. पांढरा, उमेदीतला, शिंग डोळ्यावर. हेडी कुठून आणला ते नीट सांगत नाही. पुढच्या बाजाराला त्या पोराला घेऊन जायचं. तुम्ही रजा काढा."

निरोप धाडला. ठरल्या दिवशी शेतकरी पहाटे घरून निघून आला. वर्षभरात तो खूपच वाळला होता. दुसरा बैल घ्यायची ऐपत झाली नव्हती. शेजाऱ्याचाही एकच बैल, म्हणून दोघांनी सावड केली होती, आलटून पालटून एकाची मोट, मग दुसऱ्याची. अर्धं रान त्यानं पडीकच ठेवलं होतं. वाटेनं तो एकदाच म्हणाला, "मास्तर, तुमी कशापायी एवढं?" मास्तर म्हणाले, "शब्द माझ्याकडून निसटला होता," आणि पुढे चालत राहिले.

बैल तिथेच होता. हेड्यानं आम्हा तिघांना येताना पाहिलं, माझा कोट पाहिला, आणि त्याचा रंग उतरला. मी काही बोलायच्या आत तो शेतकऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचा आसंल तर सोडून न्या, पाटील. पन पोलिसात नका जाऊ. मला कुनी इकला ते बी मला ठावं न्हाई." हे त्यानं असं सांगितलं, की आम्हालाही ऐकू आलं.

म्हणजे आता कोर्ट नव्हतं, साहेब नव्हता, शपथ नव्हती. त्यानं नुसतं हो म्हणायचं आणि कासरा हातात घ्यायचा.

शेतकरी बैलाजवळ गेला. त्यानं वशिंडावर हात ठेवला, मानेचा घट्टा चाचपला. बैलानं त्याच्याकडे बघायला मान तिरकी केली. तो समोर गेला, मागे गेला, पुन्हा समोर येऊन उभा राहिला. मास्तर पाहत होते. मी मनात म्हणत होतो, घे रे बाबा, घे आणि चल.

त्यानं बैलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि तो मागे सरला.

"न्हाई, मास्तर."

"नीट बघ," मास्तर म्हणाले. "घाई करू नकोस."

"नीटच बघितलं. ह्याचं उजवं शिंग खाली आलंय. माझ्याचं डावं हुतं."

हेडी तोंड उघडं टाकून बघतच राहिला. मास्तरांनी शेतकऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ते हसू लागले. बैल सापडला असता तरी ते इतके हसले नसते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आजूबाजूचे लोक जमले, कुणाला वाटलं मोठा सौदा झाला. मास्तरांनी पलीकडच्या दुकानातून कागदाच्या पुड्यात गोडीशेव आणली आणि आम्ही तिघं एका रिकाम्या गाडीच्या सावलीत मातीतच बसलो.

शेतकऱ्यानं पुड्यातली शेव उचलता उचलता विचारलं, "मास्तर, विंग्रजीत डाव्याला काय म्हनत्यात?"

"लेफ्ट."

"लेफ्ट," तो म्हणाला. "लेफ्ट." मग त्यानं हात झटकले, उरलेली शेव पोरांसाठी धोतराच्या सोग्यात बांधली आणि तो उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटेची पाळी त्याची होती आणि घर लांब होतं.